लीलाच्या दळणातला गहू

मी गिरणीवाला आहे. ज्या मुलीला गव्हाचा कण सोसत नव्हता, तिच्या दळणात मी माझ्या हातानं गहू घालत होतो, आणि तिच्या आईनं तोंडावर विचारलं तेव्हा भरल्या गिरणीत धडधडीत ‘नाही’ म्हणालो. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं गिरणीतल्या गमती मागितल्या होत्या. त्याही सांगतो. पण हे आधी सांगितलं नाही, तर पुढचं काहीच मला लिहिता येणार नाही.

आमची गिरणी शुक्रवार पेठेत, वडिलांच्या वेळेपासूनची. बाहेरच्या माणसाला गिरणी म्हणजे नुसता घरघराट आणि पांढऱ्या भुवयांचा एक माणूस. आत असतात दोन दगड, एक बसलेला आणि एक फिरता. वरच्या पत्र्याच्या नसराळ्यातून धान्य त्यांच्या मधोमध पडतं, घासलं जातं आणि पीठ होऊन कापडी तोंडातून डब्यात उतरतं. दगड रिकामे फिरू द्यायचे नसतात, ते एकमेकांना खातात. म्हणून एकीचं दळण संपत आलं की लगेच दुसरीचं ओतायचं. त्यामुळं आधीच्या दळणाचं थोडं पीठ पुढच्या डब्यात जातंच. हे पेठेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. गिरणीत पाय ठेवला की पहिला प्रश्न, “कशावर टाकताय?”

“ज्वारीवर, मावशी.”

“मग थांबते मी. माझ्या पोळ्या काळ्या पडायला नकोत.”

एक आजी पदरात निराळी मूठभर ज्वारी बांधून आणायच्या आणि ती आधी ओतायला लावायच्या, “वाट धुऊन निघू दे,” म्हणून. एक निवृत्त हेडमास्तर पिठाखाली तळहात धरून उभे राहायचे आणि ताप पाहावा तसे गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “दगड तापलेत. पीठ भाजू नका, माणसं खाणार आहेत.” एकादशीचं भगर-राजगिऱ्याचं दळण तर मी सकाळी सगळ्यांत आधी, दगड झाडून पुसून करायचो. त्यात धान्याचा कण गेला तर उपास मोडतो, आणि ते पाप गिरणीवाल्याच्या डोक्यावर, असं वडिलांनी शिकवलं होतं.

आणखी एक शब्द सांगितला पाहिजे. विरी. ज्वारीच्या पिठाला पाण्यात कालवल्यावर जो चिकटपणा येतो ती विरी. विरी असली की भाकरी हातावर फिरते, तव्यावर फुगते. नसली की थापता थापता कडेनं फाटते. आमच्याकडं भाकरी फाटली की बाई आधी गिरणीवाल्याला नाव ठेवते, मग ज्वारीला, आणि स्वतःच्या हाताला कधीच नाही.

सोलापूर ज्वारीचं. तेव्हा गव्हाची चपाती म्हणजे घरी पाहुणा आला, सण आला किंवा कोणी आजारातून उठलं. गहू म्हणजे ताकद, गहू म्हणजे ऐपत, ही समजूत आमच्या हाडात होती. माझा गुन्हा या समजुतीतून झाला. पण समजुतीवर ढकलून मी सुटणार नाही.

बहात्तरच्या दुष्काळात शाळू, म्हणजे आमची भाकरीची चांगली ज्वारी, बाजारातून नाहीसा झाला. रेशनवर परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि गहू मिळू लागला. मिलोच्या पिठाला विरी म्हणून नाही. भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे. बायका डबे आपटायच्या. आमच्या गल्लीतल्या कलावतीबाई, ज्यांच्या तोंडाला सगळी पेठ भ्यायची, एकदा फाटकी भाकरी फडक्यात बांधूनच घेऊन आल्या. “हे बघा तुमचं पीठ! नवऱ्याला वाढू का पोतेरं करू?”

मला ते लागलं. मी एक युक्ती काढली. मिलो ओतली की घरच्या गव्हातली एक मूठ तिच्यात टाकायची. गव्हाला चीक असतो, तो पीठ धरून ठेवतो. भाकरी फाटायची थांबली. बाकीचे गिरणीवाले दळणातून मूठभर काढतात म्हणून बदनाम, मी तर पदरची घालत होतो. कुणाला सांगितलं नाही. पेठेत बोलणं सुरू झालं की मिलो दळावी तर यांच्याकडंच. लांबच्या गल्ल्यांतून डबे येऊ लागले. मी भुवया झटकत, जणू माझ्या दगडांचाच गुण आहे असा उभा असायचो.

त्याच दिवसांत गौरव्वा दळण घेऊन येऊ लागली. अक्कलकोटकडची लिंगायत घरातली सून, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी. नवरा सिद्राम अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर. घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी, लीला. ही लीला तिच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, कडेवर असायची, कारण तिला चालवत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काटक्या, केस विरळ. सारखे जुलाब. शाळू होता तोवर पोर ठणठणीत होती. रेशनचा गहू घरात आला आणि ती झडत गेली. आजारी म्हणून तिला आणखी चपात्या, दुधात कुस्करून. ती आणखी आजारी.

देव झाले, अंगारे झाले. शेवटी लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी पुष्कळ तपासून, पुष्कळ विचारून सांगितलं की या मुलीच्या आतड्याला गहू सोसत नाही. ते सिद्रामला कसं सांगितलं, ते गौरव्वानं मला दळणाच्या वेळी ऐकवलं.

“डॉक्टर इचारले, तुमी काय करता? हे म्हणले, टॉवेल इणतो. तर म्हणले, टॉवेलावर मऊ मऊ फासे असतात की, ते झिजले तर टॉवेल पाणी टिपंल का? हे म्हणले, न्हाई, नुसतं फडकं व्हतंय. तर म्हणले, पोरीच्या आतड्याचं तसंच झालंय. गव्हानं फासे झिजवले. खाल्लेलं अंगाला लागंना. गहू बंद केला की फासे पुन्हा येतील.” आणि मग ती म्हणाली, “अण्णा, पर कण बी चालत न्हाई म्हणलेत. रवा न्हाई, मैदा न्हाई, बिस्कीट न्हाई, शेवया न्हाई. हिंगात बी पीठ असतंय म्हणं, तो बी बंद केला मी. आमचं दळण उपासावानी सकाळी पयलं घ्या की.”

“घेतो अक्का. काळजी करू नका,” मी म्हणालो.

आणि घेतलंही. सकाळी सगळ्यांत आधी, दगड झाडून, पुसून. रेशनचा सगळा गहू शेजारणींना देऊन तिनं बदल्यात मिलो घेतली होती. घरात चौघंही तेच खात. ती मिलो मी ओतायचो, ती पोरीला घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर बसलेली असायची, आणि मी मूठभर गहू टाकायचो.

आता वाचणारे विचारतील, का? मी स्वतःला हे हजारदा विचारलंय. सवय हे एक कारण. पण खरं कारण हे की मला ते पटलंच नव्हतं. गहू खाऊन माणूस मरतं? दूध-चपातीनं पोर सुकते? मला ते बायकांच्या सोवळ्यासारखं वाटलं. कट्ट्यावरची ती पोर बघून मला दया यायची, आणि त्या दयेपोटी मी तिच्या दळणात एक मूठ जास्तच टाकायचो. तेवढीच ताकद जाईल पोटात, म्हणून. एकादशीच्या पिठात कण जाऊ नये म्हणून जपणारा मी, एका जिवंत पोरीच्या बाबतीत डॉक्टरपेक्षा शहाणा झालो होतो.

लीला सुधारेना. थोडी वर यायची, पुन्हा खाली. डॉक्टर गौरव्वावर चिडले. “बाई, तुम्ही पथ्य पाळत नाही.” तिनं शपथा घेतल्या. सासू म्हणाली, “ह्या पथ्यापायीच पोर मरतीय. चपाती घाल तिला.” सिद्रामही डगमगला. घरात सगळ्यांनी एकच ठरवलं की गौरव्वा एकतर खोटं बोलतेय किंवा वेडी झालीय. डॉक्टरांनी तिला शेवटचं सांगितलं की पोर अशीच राहिली तर हातची जाईल, तेव्हा घरात येणारी प्रत्येक वस्तू तपासा. तिनं तपासली. मीठ, मसाला, गूळ, चहा. मग ती माझ्याकडं आली.

गिरणी भरलेली होती. ती रांगेत न थांबता सरळ पुढं आली.

“अण्णा, एक इचारते, राग धरू नका. आमच्या दळणात तुमी काय मिसळत न्हाई न्हवं?”

पट्टा फिरत होता, दगड घुमत होते, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं. खरं सांगायचं, तर त्या क्षणी पोर माझ्या मनात आलीच नाही. मनात आली गिरणी. हिचं खरं निघालं तर सगळ्या बायकांना कळणार की पिठाचा गुण दगडांचा नव्हे, घातलेल्या गव्हाचा.

“नाही! काय बोलता अक्का? वडिलांच्या काळापासून गिरणी आहे ही. आजवर कुणी असा आळ घेतला नाही.”

एवढं पुरे होतं. पुढचं काम रांगेनं केलं.

“चांगल्या माणसाला चोर करतीस व्हय गं?”

“पोर आजारी पडली की आईचं असंच फिरतंय.”

कलावतीबाईंनी शेवटचा घाव घातला. “डॉक्टरच्या माघारी चपाती चारतीस तूच, आन् नाव गिरणीचं घेतीस!”

गौरव्वानं हात जोडले. “चुकलं अण्णा. पोरीपायी डोकं ठिकाणावर न्हाई माझं.” आणि डबा तसाच कडेला घेऊन ती गेली.

तिनं माझी माफी मागितली. चार बायकांदेखत. मी ती घेतली. मान हलवून ‘असू द्या’ म्हणालो.

त्यानंतर तिच्या दळणात मी गहू घातला नाही, असं लिहायला मला बरं वाटलं असतं. पण ती परीक्षाच झाली नाही. ती पुन्हा आली नाही.

तिनं सासूच्या खाटेखालचं जुनं जातं बाहेर ओढलं, धुतलं आणि मिलो हातानं दळायला बसली. मिलो कडक, हाताला फोड यायचे. पहिले काही दिवस सासू बघत बसली. मग एके दिवशी उठून समोर येऊन बसली. “एकटीनं व्हतंय व्हय? सरक तिकडं.” आणि खुंट्याला हात लावला. हे मला सिद्रामनं सांगितलं. पुढं त्या म्हातारीएवढा कडक पहारेकरी कुणी नव्हता. शेजारीण बिस्किटाचा पुडा घेऊन आली, तर उंबऱ्यातूनच परत पाठवायची.

त्या भाकऱ्या कडेनं फाटायच्या. गौरव्वा ते तुकडे ताटात जोडून गोल करून वाढायची आणि लीला ते एकेक उचलून खायची. महिन्याभरात जुलाब थांबले. मग पोट उतरलं. आणि एका सकाळी ती माझ्या गिरणीसमोरून पळत गेली. तिच्या मागं आई काठी घेऊन. कुणाच्या तरी अंगणातला पेरू तोडला होता म्हणे. मी दगड सोडून दारात येऊन उभा राहिलो. पोर पळत होती.

मला त्या दिवशी समजलं. तरी मनाला पळवाट हवी असते. डॉक्टरांचं घरचं दळण आमच्याकडंच यायचं. एकदा ते स्वतः डबा घेऊन आले, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “डॉक्टरसाहेब, अशा पेशंटच्या भाकरीत चुकून मूठभर गहू गेला, तर एवढ्यानं काय होणार?”

ते म्हणाले, “खपली धरलेली जखम रोज जराशी खरवडलीत, तर ती भरेल का?”

मी त्यांचा डबा आत घेतला.

आता गंमत. लीला बरी झाली म्हटल्यावर अर्ध्या पेठेनं गहू सोडला. कुणाचे गुडघे, कुणाचं डोकं, कुणाचा वात. आमच्या हेडमास्तरांनी गहू सोडला आणि आठवड्याभरात पोट हलकं झाल्याचं जाहीर केलं. त्याबरोबर त्यांनी जिलेबी, बालुशाही आणि रात्रीची खारी बंद केली होती, ते मात्र सांगत नव्हते. डॉक्टरांच्या कानावर गेलं तेव्हा ते गिरणीतच येऊन ओरडले. “अहो, तो त्या पोरीचा आजार आहे, तुमचा नाही! ज्याला सोसतो त्यानं खुशाल खावा. ज्याला शंका आहे त्यानं तपासून घ्यावं, गल्लीत विचारू नये.” हेडमास्तर म्हणाले, “पण मला बरं वाटतंय.” डॉक्टर म्हणाले, “मग जिलेबीला श्रेय द्या, गव्हाला का बदनाम करता?”

पण गौरव्वानं जे केलं ते कुणाला जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडं लग्नाला गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, लागते. नात्यातल्या एका लग्नात तिनं लीलासाठी जोंधळ्याची हुग्गी शिजवून, झाकून नेली आणि लीलाला स्वतःच्या मांडीशी धरून पंगतीत बसवलं. पुरणपोळीच्या दिवशी तांदळाच्या उकडीत पुरण भरून वाफवायची. शाळेत मुलांना गव्हाच्या रव्याचं उप्पीट मिळायचं, तर मधल्या सुट्टीत फाटकाशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन उभी. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “एवढे लाड बरे नव्हेत.” ही म्हणाली, “लाड न्हाईत बाई, औषध हाय.” पोरीला तिनं भीती घातली नाही, समज दिली. हळदीकुंकवाला कुणी बिस्कीट पुढं केलं की लीला स्वतःच म्हणायची, “मला गहू सोसत न्हाई. शेंगदाणे द्या की.” डॉक्टर तर नंतर तसल्या मुलांच्या आयांना तिच्याकडंच धाडू लागले. त्यांना ती चूल दाखवायची, पीठ दाखवायची, रडणाऱ्यांना चहा द्यायची.

ही सगळी वर्षं ती माझ्यासमोरून यायची-जायची. हसायची. “काय अण्णा, बरं हाय?” तिनं माझ्याविषयी एक शब्द कुणाजवळ काढला नाही. गिरणीत का जात नाहीस, असं विचारलं तर सांगायची, “गिरणीत गव्हाचं लागणारच की, त्येंचा काय दोष.” प्रत्येक वेळी मी ठरवायचो, आज सांगायचं. प्रत्येक वेळी कुणीतरी डबा पुढं करायचं आणि मी त्याच्या आड लपायचो.

गेल्या श्रावणात ती पुन्हा गिरणीची पायरी चढली. बरोबर पद्मा नावाची एक तरुण तेलुगू बाई होती आणि मागं लीला, आता दहा वर्षांची, वेण्या घातलेली. पद्माच्या मुलालाही तोच आजार निघाला होता. पद्मा दिवसभर विड्या वळते, तिच्या बोटांना जातं झेपत नव्हतं.

“अण्णा,” गौरव्वा म्हणाली, “आठवड्यातनं एक सकाळ दगड सोच्छ करून निस्ती ज्वारी दळशीला का? आमी चार-पाच घरं येऊ. तुमच्यावर सोपवते.”

मी बटण बंद केलं. घरघराट थांबला. गिरणी चालू दिवसात अशी थांबत नाही, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. कलावतीबाईही होत्या. मी सांगितलं. मुठीचं सांगितलं, जास्तीच्या मुठीचं सांगितलं, खोटं बोललो ते सांगितलं. “अक्का, त्या दिवशी तुम्ही हात जोडलेत. ते मी जोडायला हवे होते,” म्हणालो आणि जोडले.

कलावतीबाई आपल्या डब्याच्या झाकणाकडं बघत होत्या.

“ठावं हाय मला,” गौरव्वा म्हणाली. “जात्यावर दळलं, पोर सुधारली, तवाच समजलं.”

“मग कधी बोलला का नाहीत?”

“तुमी न्हाई म्हणलासा. चार बाया तुमच्या बाजूनं. मी काय बोलू? आन् बोलून पोरीचं दळण व्हतंय व्हय?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग तिनं श्वास घेतला. “ज्वारी दळशीला न्हवं? मी हितं उभी राहणार. ओतल्यापासनं डबा झाकेपातूर.”

“उभ्या राहा.”

“आन् माफी माझी मागू नका. पोट तिचं दुखलं.” तिनं लीलाला पुढं केलं.

मी खाली वाकून बसलो, कारण उभ्यानं ते बोलवत नव्हतं. म्हणालो, “लीला, तू लहान असताना तुझ्या दळणात मी गहू घालत होतो. त्यानं तू आजारी राहिलीस.”

ती मला न्याहाळत होती. मग म्हणाली, “मग आज्जी आणि डॉक्टर अव्वाला का बोलत होते?”

“माझ्यामुळं,” मी म्हणालो. “तुझी अव्वा खरं बोलत होती. खोटं मी बोललो. माझं चुकलं, बाळ.”